वाचक विचारतात : मूकपटांतली शहरं

मागच्या अंकात सुरुवातीच्या मूक माहितीपटांवर लेख होता : रस्ते, बाजार, ट्राम, गिरण्यांचे दरवाजे नुसते टिपून ठेवणाऱ्या चित्रफितींवर. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

या चित्रफितींत माणसं तुरुतुरु पळतात. कॅमेराच तसा होता का? घरी पाहताना वेग सुधारता येईल का? (सांगली)

कॅमेऱ्याचा दोष नाही. बोलपटासाठी ठरलेल्या वेगाने मूकपट पळवला की असं होतं. फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफ या कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की आठ फ्रेम, म्हणजे आठ स्थिर चित्रं, पुढे जात. कॅमेरामन सेकंदाला दोन फेरे मारी, म्हणजे सोळा फ्रेम. पुढे फिल्मवर ध्वनिपट्टी आली आणि वेग २४ वर पक्का झाला. सोळाने टिपलेलं चोविसाने दाखवलं की सगळं शहर दीडपट घाईत. सतरा मीटर लांबीची ल्यूमिएर फिल्म मूळ वेगाने ५०-५५ सेकंद चालते. चोविसाने ती ३५-३७ सेकंदांत संपते.

मात्र सोळा हा आकडा वेदवाक्य नव्हे. हँडल हाताने फिरत होतं. उजेड कमी असला की कॅमेरामन मुद्दाम हात सावकाश चालवी, कारण त्याने प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश मिळतो. म्हणून एकाच दृश्यात चित्र हळूहळू उजळत असेल आणि त्याच वेळी माणसांची चाल वाढत असेल, तर तिथे हात मंदावला होता असं समजावं. १९२० नंतर चित्रणाचा वेग वीस-बावीसपर्यंत चढलेलाही दिसतो. सगळ्या मूकपटांना एकच वेग लावणं म्हणूनच चुकीचं.

आता घरची रीत. आधी फाइलमध्ये खऱ्या फ्रेम किती आहेत ते पाहा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'ई' हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबायचं. २४ फ्रेमच्या फाइलमध्ये एक फ्रेम एकदा, पुढची दोनदा, पुन्हा एक एकदा, पुढची दोनदा असा क्रम आढळला, तर कुणीतरी १६ चे २४ आधीच करून ठेवले आहेत. वेग बरोबर आहे, हालचाल थोडी अडखळेल एवढंच. त्याला हात लावू नका. एकही फ्रेम दुबार नसेल आणि माणसं पळत असतील, तर वेग कमी करा. २४ च्या फाइलला ०.७५ लावलं की १८ होतात, ०.६७ ला सोळा, ०.८३ ला वीस.

यांतला कोणता आकडा खरा, हे चालीवरून ठरवायला गेलात तर फसाल; दोन माणसांची चाल सारखी नसते. पडणारी वस्तू शोधा. साधारण सव्वा मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीला लागते, शहर कुठलंही असो. हातगाडीवरून कलंडलेली टोपली, हातातून सुटलेलं गाठोडं, काहीही चालेल, फक्त ती सुटलेली हवी, खाली भिरकावलेली नको. पडायला आठ फ्रेम लागल्या तर वेग १६, दहा लागल्या तर २०. एका फ्रेमची चूक सहज होते, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजा.

वेग बरोबर करूनही गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात. (नागपूर)

ते वेग बदलून जाणार नाही, कारण ती गफलत फ्रेममध्येच टिपली गेली आहे. बारा आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमध्ये ३० अंशांचं अंतर असतं. एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत चाक बरोबर ३० अंश फिरलं, तर एका आऱ्याच्या जागी दुसरा येतो आणि चाक थांबल्यासारखं दिसतं. १५ ते ३० अंशांच्या दरम्यान फिरलं, तर डोळ्याला जवळचा आरा मागे सरकल्यासारखा वाटतो. सव्वा मीटरच्या आतबाहेर व्यास असलेलं चाक आणि सोळा फ्रेमचा वेग धरला, तर गाडी ताशी नऊ ते अठरा किलोमीटर वेगाने जाताना हे घडतं. दुडक्या चालीची घोडागाडी नेमकी याच पट्ट्यात असते, म्हणून जुन्या रस्त्यांवरची चाकं एवढ्या हमखास उलटी फिरतात.

१९११ च्या न्यूयॉर्कची रंगीत, आवाजासह, लख्ख चित्रफीत पाहिली. हे मूळचं किती आणि आत्ताचं किती? (डोंबिवली)

चित्र मूळचं आहे. स्वीडनच्या स्वेन्स्का बिओग्राफतेआतेर्न या कंपनीने ते टिपलं होतं, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे त्याची उत्तम प्रत आहे. बाकीचं बरंचसं आत्ताचं.

आवाज तर पूर्णच नवा. टापा, भोंगे, गलका, सगळं ध्वनिसंग्रहातून आणून चिकटवलेलं. रंग अंदाजाने भरलेले, आणि हा अंदाज चुकण्याचं कारण फिल्ममध्येच आहे. त्या काळच्या फिल्मला निळा रंग फार दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. निळं आकाश पांढरं येई, लाल पाटी काळी. फिकट निळा सदरा आणि पांढरा सदरा यांतला फरक फिल्मवर उतरलेलाच नाही. तो संगणकाने कुठून आणायचा? म्हणून अशा चित्रफितींत सगळी गर्दी तपकिरी-करड्या कपड्यांत वावरते. लोक तसे कपडे घालत होते याचा तो पुरावा नव्हे.

सेकंदाला ६० फ्रेम करताना दोन खऱ्या फ्रेममध्ये दोन-तीन बनवलेल्या घुसवतात. चालणाऱ्या माणसाचे पाय एकमेकांना ओलांडतात त्या क्षणी चित्र थांबवा; पाय वितळून एक झालेले दिसतील. चेहरे धारदार करणारा प्रकार मात्र आम्हाला जास्त खटकतो. मूळ चित्रात दहा-बारा ठिपक्यांचा जो चेहरा होता, त्याला डोळे, नाक, मिशी बसवली जाते. तो माणूस कधी जन्मलाच नव्हता.

करमणुकीसाठी पाहायला हरकत नाही. अभ्यासासाठी मात्र संग्रहालयाने स्वतः ठेवलेली प्रत शोधा. ३५ मिलिमीटरची मूळ निगेटिव्ह मुळातच बरीच तपशीलवार असते. आपण पाहतो तो धुरकटपणा प्रतीवरून प्रत काढत गेल्यामुळे आलेला असतो. आणखी एक : जुना म्हणजे कृष्णधवल, असंही सरसकट नव्हतं. रात्रीसाठी फिल्म निळ्या रंगात बुडवत, दिव्याच्या उजेडासाठी पिवळसर, आगीसाठी लाल. ते रंग खरे, त्या काळचेच.

आमच्या संस्थेकडे एका शहराची चित्रफीत आहे. साल नाही, नावही नाही. ओळख कशी पटवायची? (पुणे)

डब्यावर काही लिहिलं असेल तर ते वाचा आणि बाजूला ठेवा. डब्यावरचं लेबल फिल्मपेक्षा कमी विश्वासाचं. १८९९ ची एक चित्रफीत 'गंगेवरून कलकत्त्याचं दर्शन' अशा नावाने नोंदली गेली; तिच्यात घाट दिसतात ते वाराणसीचे. काशी पाहिलेल्या कुणालाही ते पहिल्या नजरेत कळेल.

मूळ फिल्म हाती असेल तर कडा तपासा. प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना एकेकच गोल छिद्र असेल, तर ती ल्यूमिएर पद्धतीची आणि बहुधा १९०० च्या अलीकडची-पलीकडची. चार-चार छिद्रं असतील तर एडिसनची पद्धत, तीच पुढे सगळीकडे रूढ झाली. कोडॅकने १९१६ पासून फिल्मच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापायला सुरुवात केली. त्यावरून फिल्म तयार झाल्याचं साल निघतं. इथे दोन खाचखळगे आहेत. खुणा दर वीस वर्षांनी त्याच येतात, म्हणजे १९१७ आणि १९३७ ची खूण एकच. आणि प्रत काढताना निगेटिव्हवरची खूणही प्रतीवर उमटते, म्हणून एकाच कडेवर दोन खुणा दिसल्या तर गोंधळू नका.

मग चित्र. सर्वात आधी ते उलटं तर नाही ना, हे पाहा. फिल्म पालथी घालून स्कॅन केली की डावीकडची वाहतूक उजवीकडे जाते आणि शहराचा शोध भलत्याच देशात सुरू होतो. एखादी पाटी वाचता आली की हा प्रश्न मिटतो. पाटी नसेल तर पुरुषांचे कोट पाहा, त्यांची डावी बाजू वर यायला हवी. नंतर ट्राम आणि इमारती. मुंबईचंच घ्या : घोड्यांची ट्राम १८७४ पासून, विजेची ७ मे १९०७ पासून. ताजमहाल हॉटेल १९०३ चं, गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन डिसेंबर १९२४ चं. बंदरावरून ताज दिसतंय आणि पुढ्यात गेटवेचा पत्ता नाही, तर काळाची दोन्ही टोकं हाती आली. कपड्यांवर फार भरवसा ठेवू नका. लोक दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे कोट सर्रास वापरतात. भिंतीवरची नाटकाची जाहिरात मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिच्यावरून वर्तमानपत्रातली तारीखच सापडते.

या कामाचा उत्तम नमुना सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटचा आहे. माइल्स बंधूंनी केबल कारच्या (रस्त्याखालच्या तारेने ओढल्या जाणाऱ्या ट्रामच्या) पुढच्या टोकाला कॅमेरा लावून आठव्या रस्त्यापासून फेरी बिल्डिंगपर्यंतचा रस्ता टिपला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या नोंदीत या चित्रफितीचं साल बरीच वर्षं सप्टेंबर १९०५ होतं. डेव्हिड कीन या अभ्यासकाला रस्त्यावर पाण्याची डबकी दिसली. त्याने तेव्हाच्या वर्तमानपत्रांतल्या हवामानाच्या नोंदी काढल्या, तर त्या सप्टेंबरात असा पाऊसच नव्हता. मोटारींच्या नंबरपाट्या नोंदणीशी ताडून पाहिल्या; त्या १९०६ च्या सुरुवातीच्या निघाल्या. चित्रण होतं एप्रिल १९०६ चं, म्हणजे १८ एप्रिलच्या भूकंपाच्या अगदी थोडे दिवस आधीचं. पडद्यावर दिसणारा तो रस्ता त्यानंतर आगीत बेचिराख झाला. रीळ भूकंपाच्या आदल्याच दिवशी रेल्वेने न्यूयॉर्कला रवाना झालं होतं म्हणून वाचलं.

या चित्रफिती म्हणजे खरंखुरं रोजचं आयुष्य, असं समजावं का? (कोल्हापूर)

अर्धं समजावं. मार्केट स्ट्रीटचंच पाहा : रस्त्यावर मोटारी फार दिसतात, पण नीट लक्ष ठेवलं तर त्याच त्या गाड्या केबल कारला वळसा घालून पुन्हा पुन्हा समोर येतात. एक तर दहाएक वेळा. शहर गजबजलेलं, आधुनिक दिसावं म्हणून केलेली ती सोय असावी.

लिऑंमध्ये १८९५ साली टिपलेल्या ल्यूमिएर कारखान्यातून कामगार बाहेर पडतानाच्या दृश्याच्याही तीन आवृत्त्या आहेत. ओळखायची खूण सोपी : एकीत गाडीला एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत घोडाच नाही. काही कामगार सुट्टीच्या दिवशीच्या कपड्यांत आहेत. म्हणजे 'आता बाहेर या' असं सांगून हे घेतलेलं आहे.

इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केनियन यांचा धंदाच वेगळा होता. जत्रेतले तंबूवाले त्यांना पैसे देत, ते गिरणी सुटताना दरवाजावर कॅमेरा लावत, आणि खेळाची जाहिरात असे 'या, स्वतःला पडद्यावर पाहा'. जितके चेहरे जास्त तितकी तिकिटं जास्त. म्हणून कॅमेरा दरवाजाच्या अगदी जवळ असतो, माणसं थेट आपल्याकडे पाहतात, टोप्या उडवतात, आणि कधी तंबूवाला स्वतः चौकटीत शिरून गर्दीला पुढे हाकताना दिसतो. त्यांच्या आठशेहून अधिक निगेटिव्ह १९९४ साली ब्लॅकबर्नमधल्या एका जुन्या दुकानाच्या तळघरात, पत्र्याच्या पिंपांत सापडल्या. निगेटिव्ह असल्यामुळे त्या इतक्या स्वच्छ आहेत की बटणं मोजता येतात. कॅमेऱ्याकडे पाहणारी ही माणसं आम्हाला 'नैसर्गिक' दृश्यांपेक्षा जास्त खरी वाटतात. रस्त्यात कॅमेरा उभा असणं ही त्या दिवसाची खरी घटना होती आणि ते तिला खरंखुरं उत्तर देत होते.

जाता जाता : आगगाडी पडद्यावर येताच पॅरिसचे प्रेक्षक घाबरून पळाले, ही कथा सोडून द्या. तिला समकालीन पुरावा नाही, आणि २८ डिसेंबर १८९५ च्या त्या पहिल्या जाहीर खेळात आगगाडीची फिल्म नव्हतीच.

मुंबईचं सर्वात जुनं चित्रण कुठे पाहायला मिळेल? (न्यू जर्सी)

सर्वात जुनं म्हणाल तर ते आता राहिलेलं नाही. मुंबईत चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. मारियस सेस्तिए या ल्यूमिएरच्या माणसाने एक रुपया दराने सहा छोट्या फिल्म दाखवल्या; त्यांत आगगाडी होती, कारखानाही होता, पण मुंबई नव्हती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. रँग्लर परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतले तेव्हाचं स्वागतही त्यांनी चित्रित केलं. यांतलं काहीच टिकलेलं नाही. नंतरच्या काळातली भारतीय शहरांची बरीच दृश्यं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर आहेत. तिथून सुरुवात करा.

शहरांवरचे मोठे मूकपट कोणत्या क्रमाने पाहावेत? (मडगाव)

'मॅनहॅटा' आधी. पॉल स्ट्रँड आणि चार्ल्स शीलर यांचा १९२१ चा, दहा-अकरा मिनिटांचा. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, त्यामुळे चौकट वाचायची सवय लागते. नंतर योरिस इव्हेन्सचा 'पाऊस', १९२९, अॅमस्टरडॅमचा. इव्हेन्सकडे हातात मावणारा किनामो कॅमेरा होता. छत्र्यांच्या गर्दीत तिकाटण्यावरचा जड कॅमेरा शिरलाच नसता. मग वॉल्टर रुटमानचा १९२७ चा 'बर्लिन'. पहाटेच्या आगगाडीपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, पाच अंकांत. रात्रीच्या दृश्यांसाठी कार्ल फ्रॉइंडने फिल्म स्वतः रसायनांत घालून तिची प्रकाशग्रहणक्षमता वाढवली होती. त्याआधीच्या चित्रफितींत रात्रीचं शहर फारसं का दिसत नाही, याचं उत्तर यात आहे : तेवढ्या उजेडात फिल्मवर फारसं काही उमटत नसे. एडमुंड मायझेलच्या मूळ संगीतासह असलेली प्रत मिळाली तर तीच घ्या.

झिगा व्हेर्तोवचा १९२९ चा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' शेवटी. तो मॉस्को, कीव्ह आणि ओडेसा जोडून एक शहर उभं करतो, आणि येलिझावेता स्विलोवाचं संकलन इतकं वेगवान आहे की आधीचे पाहिले नसतील तर नुसती दमछाक होते. इथे वेग कमी करायच्या भानगडीत पडू नका; घाई मुद्दाम केलेली आहे.

आजोबांच्या ट्रंकेत फिल्मची रिळं सापडली. काय करावं? (सातारा)

आधी प्रोजेक्टरवर चढवू नका. रुंदी मोजा. मधोमध छिद्र असेल तर ती ९.५ मिलिमीटरची, १९२२ पासूनची. १६ मिलिमीटरची १९२३ पासूनची, ८ ची १९३२ पासूनची. हौशी लोकांसाठीच्या या तिन्ही फिल्म न पेटणाऱ्या पायावर बनत. ३५ मिलिमीटरची आणि १९५२ च्या आधीची असेल, तर ती नायट्रेट, म्हणजे सहज पेट घेणारी, आहे असं धरूनच चाला. नायट्रेट जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतः पुरवते. पाण्यात बुडवली तरी विझत नाही. कडेवर 'सेफ्टी' छापलेलं असलं तरी ते मूळ निगेटिव्हवरून उमटलेलं असू शकतं. तुकडा जाळून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

डबा उघड्या हवेत उघडा. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अॅसिटेट, म्हणजे न पेटणाऱ्या पायाची, फिल्म खराब होऊ लागली आहे. ती चांगल्या रिळांपासून वेगळी ठेवा, कारण तो वास इतरांनाही लागतो. चित्र फिकं पडणं, पिवळसर डाग, चिकटपणा, फोड, शेवटी तपकिरी भुकटी, हा नायट्रेटचा क्रम. चिकट झालेलं रीळ ओढून सोडवू नका.

फिल्म आकसली आहे का, ते स्टीलच्या पट्टीने कळतं. १६ मिलिमीटरच्या शंभर फ्रेमची लांबी ७६२ मिलिमीटर भरायला हवी, ३५ च्या शंभर फ्रेमची १,९०० मिलिमीटर. एक टक्का कमी भरली, म्हणजे १६ ची ७५४ च्या आसपास, तर प्रोजेक्टरचे दात छिद्रं फाडतील.

तोवर रिळं पत्र्याच्या छपराखाली किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. घट्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूही नका, आतला वायू बाहेर पडायला हवा. स्कॅनिंगला देताना चार गोष्टी लिहून द्या : दात नसलेल्या, रोलरवर चालणाऱ्या यंत्रावर करा, छिद्रांसकट पूर्ण रुंदी घ्या, एका फ्रेमची एक फाइल द्या, वेग बदलू नका. १६ साठी २के (सुमारे दोन हजार ठिपके रुंद चित्र) पुरतं, ३५ साठी ४के (सुमारे चार हजार) मागा. स्कॅन झालं तरी मूळ रीळ परत घ्या.

नायट्रेटची शंका असेल तर रीळ टपालाने, एसटीने किंवा रेल्वेने पाठवू नका; ज्वालाग्राही वस्तूंना तिथे बंदी आहे. डबा, कडा आणि दोन-चार फ्रेम यांचे फोटो काढा, रुंदी आणि अंदाजे लांबी लिहा, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी पत्र पाठवा. रीळ कसं हलवायचं ते तेच सांगतील.